लग्नाच्या शेल्यावर झेंडू चालेल का? मेक्सिकन फुलांचे ‘अर्थ’ आणि गावं

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. मैत्रिणीचं लग्न मे महिन्यात ठरलंय, मुलगा मेक्सिकोतल्या वाहाका राज्यातला आहे. तिला तुम्ही स्वतः भरलेला शेला देणार आहात आणि त्यावर मेक्सिकन लोककलेतली फुलं घ्यायची आहेत. झेंडू मनात होता, कारण आपल्याकडे तो मांडवातही असतो. पण ‘तिकडे झेंडू म्हणजे मृत्यूचं फूल’ असं कुठंतरी वाचलंत आणि हात थबकला. म्हणून तुम्हाला एक यादी हवी आहे: कुठल्या फुलाचा काय अर्थ, शुभ कोणतं, अशुभ कोणतं.

यादी देत नाही. मी बावीस वर्षं भरतकाम करते आणि शिकवते. वाहाकात दोनदा राहून आले, दुसऱ्या खेपेला सलग तीन महिने. पहिल्या खेपेला अशीच एक यादी वहीत उतरवून नेली होती, डावीकडे फूल, उजवीकडे अर्थ. महिनाभरात उजवा रकाना इतका खोडला गेला की शेवटी तिथं मी गावांची नावं लिहायला लागले. आजही ती वही शिकवताना काढते ती त्या नावांसाठी.

आणि खरं सांगू का, तुमची अडचण फुलाच्या अर्थाची नाहीच. शेला उलगडल्यावर मुलाच्या आईच्या मनात पहिलं काय येईल, ही तुमची धास्ती आहे. त्याचं उत्तर ती बाई कुठल्या गावची आहे यावर ठरतं. वाहाका राज्यात 570 नगरपालिका आहेत, डझनाहून जास्त भाषा आहेत, आणि दोन दऱ्या ओलांडल्या की बायकांच्या अंगावरची फुलं बदलतात. तेव्हा खाली जे लिहितेय त्यातलं तुमच्या कामाचं किती, ते मुलाचं गाव कळल्यावरच नक्की सांगता येईल.

आधी झेंडू, कारण भीती त्याचीच आहे.

मेक्सिकोत त्याला सेम्पासूचिल म्हणतात. मूळ शब्द नावात्ल भाषेतला, म्हणजे अझ्टेकांच्या, नाहुआ लोकांच्या भाषेतला: सेम्पोवालशोचित्ल. सेम्पोवाली म्हणजे वीस, शोचित्ल म्हणजे फूल. नावात्ल मोजणी विसाच्या पटीत चालते, त्यामुळे ‘वीस’ म्हणजे एक भरलेली गणती, पाकळ्याच पाकळ्या. 1 आणि 2 नोव्हेंबरला, मृतांच्या दिवसांत, घराघरांत ओटा सजवतात. त्यावर गेलेल्या माणसाचा फोटो, त्याच्या आवडीचं खाणं, पाणी, मीठ, मेणबत्त्या आणि झेंडूचे ढीग. बऱ्याच ठिकाणी रस्त्यापासून उंबऱ्यापर्यंत आणि उंबऱ्यापासून ओट्यापर्यंत पाकळ्यांची पिवळी वाट अंथरतात. आत्म्याला घर सापडावं ते त्या रंगानं आणि त्या उग्र वासानं, अशी समजूत. म्हणजे फूल इथं एक काम करतंय, पाहुण्याला घरापर्यंत आणायचं. पितृपक्षाशी तुलना करायचा मोह होतो, मलाही झाला होता. पण मी पाहिलेल्या स्मशानात त्या रात्री बँड होता, मुलं थडग्यांवर बसून पाव खात होती आणि एक आजोबा बायकोच्या थडग्याशेजारी खुर्ची टाकून डुलक्या घेत होते. अशौच नावाची गोष्ट तिथं मला दिसली नाही.

शिवाय झेंडूनं तिथं कायम हेच एक काम केलंय असंही नाही. सोळाव्या शतकात सहागुन नावाच्या फ्रान्सिस्कन धर्मगुरूनं नावात्ल जाणकारांकडून बरंच काही लिहून घेतलं. त्यात ओच्पानिस्तली या सणाचं वर्णन आहे. वैदू आणि सुईणी दोन गट करून लुटुपुटीची लढाई खेळतात, आणि एकमेकींवर जे गोळे फेकतात त्यांत या पिवळ्या फुलांचेही असतात. झेंडूचंच एक बारीक फुलाचं, बडीशेपेच्या वासाचं भावंड आहे, पेरिकोन. मोरेलोस राज्यात 28 सप्टेंबरला, संत मिगेलच्या सणाच्या आदल्या दिवशी, त्याचे क्रूस करून दारावर आणि शेताच्या कडेला लावतात. वाईट शक्ती आत येऊ नये म्हणून. दारावर पिवळी फुलं का बांधायची हे तुम्हाला मी वेगळं समजावून सांगायला नको.

तरीही, सावध राहा. स्पॅनिशमध्ये याच फुलाला सर्रास ‘मृताचं फूल’ म्हणतात. शहरात वाढलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर केशरी झेंडू आला की नोव्हेंबरच येतो. सगळा शेला केशरी झेंडूनं भरलात तर कोणी रागावणार नाही बहुतेक, पण एखादी मावशी भुवया उंचावेल. त्यातून त्याच्याशेजारी गडद किरमिजी कोंबड्याचं (तुऱ्यासारखं) फूल भरलंत, तर मग ओटाच झाला, कारण त्या दिवसांत ती दोन फुलं जोडीनं येतात. झेंडू घ्यायचाच असेल तर मधल्या जागा भरायला, छोटा, लिंबाच्या पिवळ्या रंगात घ्या. आणि मैत्रिणीला आधी सांगा.

आता एक गंमत सांगते, कदाचित शेल्याचा आराखडाच बदलेल. आपला झेंडू मुळात मेक्सिकोचा. पोर्तुगीज जहाजांच्या वाटेनं तो इकडे आला आणि दसऱ्याला इतका आपला झाला की परका होता हे कुणाच्या ध्यानीमनी नाही. निशिगंधही तिकडचाच. त्याला नावात्लमध्ये ‘हाडाचं फूल’ म्हणत, कळीच्या रंगावरून. आणि देवचाफाही तिकडचा, त्याचं नाव काकालोशोचित्ल, म्हणजे कावळ्याचं फूल. मुलीकडच्या मांडवात तोरण, हार आणि वेणी धरून तीन मेक्सिकन आधीच हजर असतात! वाहाका राज्याच्या आग्नेय भागात तेवांतेपेकची संयोगभूमी आहे, दोन समुद्रांमधली चिंचोळी पट्टी. तिथल्या झापोतेक लोकांना हा चाफा फार प्रिय, मे महिन्यात त्याच्या माळा गळ्यात पडतात. स्पॅनिशमध्ये त्याला ‘मे महिन्याचं फूल’च म्हणतात.

मग चाफाच भरा, असं मी लगेच म्हणणार होते. पण थांबा. आपल्याकडे कोकणात-गोव्यात चाफा देवळाच्या आवारात असतो तसा दफनभूमीतही असतो, आणि काही घरांत ‘दारात चाफा नको’ म्हणणारी आजी अजून असते. म्हणजे झेंडूवर त्यांच्याकडची मावशी अडखळणार आणि चाफ्यावर तुमच्याकडची आजी. यादीवर माझा विश्वास का उरला नाही ते आता लक्षात आलं असेल.

असो. फुलाला तिथं इतकं वजन कुठून आलं, हेही थोडं सांगायला हवं, कारण नुसतं ‘रंगीबेरंगी, आनंदी लोक’ असं म्हणून सोडून देण्यासारखी ही गोष्ट नाही.

नावात्लमध्ये दोन शब्द शेजारी ठेवून तिसरीच गोष्ट सांगायची पद्धत आहे. गारिबाय या अभ्यासकानं तिला ‘दिफ्रासिस्मो’ हे नाव दिलं. ‘इन शोचित्ल, इन क्विकात्ल’, फूल आणि गाणं, म्हणजे कविता. एकूणच सजवलेली, नेमकी वाणी. हे नुसतं बोलण्यात नव्हतं. तेओतिवाकान या प्राचीन शहरातल्या भित्तिचित्रांत माणसाच्या तोंडातून एक वळणदार पट्टी निघते, म्हणजे तो बोलतोय. त्या पट्टीच्या कडेला फुलं काढली असली तर ते बोलणं भारलेलं आहे, गाणं आहे असं अभ्यासक मानतात. त्यांच्या पंचांगातल्या वीस दिवसचिन्हांत शेवटचं चिन्ह फूल. शोचिकेत्साल ही फुलांची देवता, आणि तीच विणणाऱ्या-भरणाऱ्या बायकांची कुलस्वामिनी म्हणावी अशी. आमच्या धंद्याची देवी फुलांची, हे मला तिथं जाईपर्यंत माहीत नव्हतं. जेन हिल या भाषाशास्त्रज्ञ बाईंनी 1992 साली दाखवलं की फुलांनी भरलेला एक परलोक ही कल्पना अमेरिकेच्या नैऋत्येपासून मेक्सिकोपर्यंत नात्यातल्या कितीतरी भाषांच्या गाण्यांत आहे.

स्पॅनिश आले, देव बदलले, फुलं तशीच राहिली. मालिनाल्को गावातल्या ऑगस्टिनियन मठाच्या ओवऱ्यांत सोळाव्या शतकात नाहुआ चित्रकारांनी भिंतीभर बाग रंगवली. धर्मगुरूंच्या लेखी ती ख्रिस्ती नंदनवनाची. पण झाडं-वेली तिथल्याच मातीतल्या आणि कोकोच्या शेंगा तोडणारी माकडंही तिथलीच. ग्वादालुपेच्या मातेची, म्हणजे मेक्सिकोत पूजल्या जाणाऱ्या मेरीमातेच्या रूपाची, कथाही तशीच. 1649 साली नावात्लमध्ये छापलेल्या वृत्तांतात, ज्याला ती दिसली तो हुआन दिएगो टेकडीवर आधी पक्ष्यांचं गाणं ऐकतो आणि स्वतःलाच विचारतो, मी कुठं आलो, पूर्वजांनी सांगितलेल्या फुलांच्या देशात की काय? आणि शेवटी अवकाळी फुललेली फुलं तो आपल्या अंगवस्त्रात गोळा करून नेतो. गाणं आणि फूल, परत तीच जोडी. तेव्हा मेक्सिकन बाई अंगावर फूल भरून घेते त्यामागं इतका जुना साठा आहे. तिला तो तोंडपाठ असतो असं मात्र समजू नका. मी एकीला विचारलं होतं, ‘हे फूल का?’ ती म्हणाली, ‘आईचं असंच होतं.’

हीच बाई मला धडा देऊन गेली. पहिल्या खेपेला मी माझा एक भरलेला तुकडा बरोबर नेला होता, मोठ्या कौतुकानं. दीड हात लांब. मधोमध काळ्यावर मोठाले गुलाब, चार कोपऱ्यांत एकरंगी प्राणी, कडेनं पुएब्ला शहरातल्या चिनी मातीच्या भांड्यांवरची निळी वेल, आणि हो, एक कवटीसुद्धा, कारण ‘मेक्सिकन’ म्हटल्यावर ती हवीच ना. तिनं तो हातात घेतला आणि आधी पालथा केला. मागच्या गाठी पाहिल्या, धाग्यांच्या उड्या पाहिल्या. आपल्याकडच्या जुन्या बायका करतात तेच. मग सरळ करून बराच वेळ धरला, बहिणीशी झापोतेकमध्ये काहीतरी बोलली, दोघी हसल्या. मला स्पॅनिशमध्ये म्हणाली, ‘हात चांगला आहे. पण हे कुठल्या गावचं?’

मला उत्तर देता आलं नाही. पैठणीच्या पदरावर फुलकारी, तिच्या काठाला कांथा आणि मध्ये आरशांचं कच्छी काम करून कुणी ‘भारतीय साडी’ म्हणून पुढं केली तर आपण जसे बघू, तशा त्या बघत होत्या. तो तुकडा अजून माझ्याकडे आहे. नव्या मुलींना दाखवते.

आता गावांकडे येऊ. सगळी सांगत नाही, तुम्हाला लागतील ती.

तेवांतेपेकची संयोगभूमी, म्हणजे हुचितान आणि आसपास. चित्रकार फ्रिडा काहलोच्या फोटोंमुळे जगाला माहीत असलेला वेश तो हाच. मखमलीचा आखूड, चौकोनी उईपील (झब्ब्यासारखा वरचा कपडा), खाली त्याच नक्षीचा घोळदार घागरा, त्याला स्टार्च केलेली पांढरी झालर. त्यावरची फुलं तळहाताएवढी, कधी पंजाएवढी, एकमेकांना चिकटून. गुलाब ओळखू येतो, बाकीची अर्धी फुलं कुठल्याही बागेत सापडणार नाहीत. ती बागेतून आलेलीच नाहीत मुळी. 1565 ते 1815 अशी अडीचशे वर्षं फिलिपिन्समधलं मनिला ते मेक्सिकोतलं आकापुल्को बंदर अशी गलबतं चालायची. पुढं ‘मनिलाची शाल’ या नावानं चीनमध्ये भरलेल्या, मोठ्या फुलांच्या रेशमी शाली स्पॅनिश जगात सगळीकडे पोचल्या, आणि संयोगभूमीची ही फुलं त्या शालींवरून आली असं बहुतेक जाणकार मानतात. म्हणजे चिनी फूल, स्पॅनिश नाव, झापोतेक हात. आणि आज त्यापेक्षा जास्त झापोतेक दुसरं काही नाही. मे महिन्यात तिथं ‘वेला’ नावाचे रात्रभराचे उत्सव होतात आणि त्यांत बायका हा वेश घालूनच येतात. हे काम करणाऱ्यांत मुशे बरेच आहेत. मुशे म्हणजे पुरुष म्हणून जन्मलेले, पण झापोतेक समाजात आपली वेगळी जागा असलेले लोक. नक्षी आखण्यात त्यांच्यातल्या काहींचा हात इतका सुंदर की मी नुसती बघत बसले.

टाका जवळून पाहिला तर असा दिसतो: भरीव टाका, पण एका पाकळीत चार-पाच छटा. कडेला फिकट, देठाकडे गडद, किंवा नेमकं उलट. एक छटा दुसरीत घुसवताना टाके मुद्दाम लहान-मोठे घेतलेले, त्यामुळे जोड दिसतच नाही. आकडीच्या सुईनं साखळी घालणारा दुसरा प्रकारही तिथं आहे, आपल्या आरीकामाचा चुलतभाऊ. आरी करणाऱ्या कारागिराला ते काम दाखवलंत तर तो लगेच खाली बसून अड्डा (कापड ताणायची चौकट) मागेल.

सान आंतोनिनो कास्तियो वेलास्को. वाहाका शहराच्या दक्षिणेला, भाजी आणि फुलं पिकवणारं गाव. इथलं भरतकाम बारीक. पांढऱ्या किंवा फिक्या कापडावर इवल्याइवल्या पॅन्झी, रेशमात. पॅन्झी युरोपची, पण फूल गावाचं आहे. या पोशाखाच्या छातीवर चुण्यांवर घट्ट ओढलेल्या टाक्यांची चिमुकल्या माणसांची एक रांग असते. तिचं नावच ‘जमलं तर कर मला’. माझ्याकडून तिसऱ्या प्रयत्नात चार माणसं झाली, त्यांतली दोन लंगडी.

तेओतित्लान देल वाये तसं गालिच्यांचं गाव. पण लग्नाच्या संदर्भात मला तिथल्या मेणबत्त्या आठवतात. मुलाकडचे मागणी घालायला जातात तेव्हा मेणाच्या फुलांनी लगडलेल्या उंच मेणबत्त्या घेऊन जातात. साचा वितळलेल्या मेणात बुडवायचा, मग पाण्यात, की पाकळ्या सुटून येतात. अशा एकेक पाकळ्या जोडून फूल, आणि फुलांवर फुलं. तुमच्या मैत्रिणीचा नवरामुलगा या बाजूचा निघाला तर शेल्यावर झेंडू-गुलाबाच्या भानगडीत न पडता हीच मेणाची फुलं पांढऱ्यावर पांढऱ्या धाग्यानं भरा. त्याच्या आईला काही सांगावं लागणार नाही.

वाहाकाबाहेरचं एकच गाव सांगते, चियापासमधलं सिनाकांतान, कारण ‘परंपरा’ या शब्दाविषयी ते बरंच शिकवतं. तिथल्या त्सोत्सिल (माया भाषकांपैकी एक समाज) बायकांच्या शाली काही दशकांपूर्वीपर्यंत बारीक लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या होत्या. मग गावानं फुलशेती धरली, डोंगरउतारावर हरितगृहं चमकायला लागली, आणि शालींवरही फुलं चढत गेली. आज जांभळ्या-निळ्या शालीवर तसूभर मोकळी जागा शोधावी लागते. आता बरंचसं शिलाई मशीनवर होतं, आणि नवा रंग आला की मुली तो त्याच वर्षी उचलतात. कुणी नाक मुरडून म्हणेल, हे अस्सल नाही. मला विचाराल तर जे पिकवतात तेच अंगावर घेतात, याहून अस्सल काय असायचं?

इदाल्गो राज्यातलं तेनांगो दे दोरिया मी मुद्दाम बाजूला ठेवतेय. एकरंगी किंवा बहुरंगी प्राणी, पक्षी आणि फुलं असलेलं, ओतोमी या मूलनिवासी समाजाचं भरतकाम तिथलं. इंटरनेटवर ‘मेक्सिकन भरतकाम’ शोधलंत तर पहिलं तेच येईल. 1960च्या दशकात दुष्काळ पडल्यावर विकण्यासाठी म्हणून ते वाढलं. सुंदर आहे, पण ते वाहाकाचं नाही. तसंच मेक्सिकन चित्रकार दिएगो रिव्हेराच्या चित्रांतली पांढरी कॅला लिली. तिच्याइतकं मेक्सिकन वाटणारं फूल नसेल, आणि ती मुळात दक्षिण आफ्रिकेची आहे. उलट डेलिया अस्सल तिथली, 1963 पासून राष्ट्रीय फूल. पण राष्ट्रीय फूल हे शाळेच्या पुस्तकातलं उत्तर झालं, आजीच्या घागऱ्यावरचं नव्हे.

इथवरचं थोडक्यात असं: झेंडू अशुभ नाही, पण एकटा आणि केशरी नको. फूल मूळचं तिथलं की बाहेरचं, याला महत्त्व नाही. ते कुठल्या गावच्या अंगावर बसलंय, याला आहे. आणि दोन गावं एका कापडावर मिसळू नका.

आता प्रत्यक्ष शेल्याचं. मैत्रिणीकडून दोन गोष्टी मागवा: मुलाच्या आईचं माहेर कुठलं, आणि घरातल्या कुठल्याही लग्नाचा जुना फोटो, ज्यात बायकांचे कपडे नीट दिसतील. फोटो मिळाला तर माझं हे सगळं उत्तर बाजूला ठेवलंत तरी चालेल. शहरातच वाढलेलं, पोशाखाशी फार नातं नसलेलं कुटुंब असेल, तर संयोगभूमीची फुलं घ्या. सगळा मेक्सिको ती ओळखतो. आणि तुम्ही हे भेट म्हणून करताय तोवर ठीक, पण पुढं असे शेले विकायचा विचार असेल तर जानेवारी 2022 मध्ये मेक्सिकोत झालेला कायदा वाचा. मूलनिवासी समाजांच्या नक्षीवर त्या समाजांचा सामूहिक हक्क त्यानं मान्य केलाय आणि संमतीशिवाय तिचा धंदा करायला बंदी केलीय.

रंगाचा एक घोळ आधीच सांगून ठेवते, कारण तो माझ्या हातून होता होता राहिला. संयोगभूमीचं काम सर्वांत उठून दिसतं ते काळ्या मखमलीवर. तिकडे त्यात काही वावगं नाही, उलट तो थाट. पण काळा शेला मराठी लग्नात खांद्यावर टाकायचा म्हटलं तर संक्रांतीपर्यंत थांबावं लागेल. डाळिंबी, वांगी किंवा गडद मोरपंखी घ्या. तिथंही या रंगांचे उईपील असतात, दोन्ही घरं खूश.

मखमल मात्र नको. एक तर मे महिना, दुसरं म्हणजे रिंग. माझी पहिली मखमल मी नेहमीच्या लाकडी रिंगेत आवळली आणि आठ दिवसांनी काढली तेव्हा कापडावर कायमचं कडं उमटलेलं. वाफ दिली, ब्रश मारला, गेलं नाही. ते कडं झाकायला तीन जादा फुलं भरावी लागली. तुम्ही घट्ट विणीचं रेशीम किंवा सिल्क-कॉटन घ्या, आणि रिंगेऐवजी चौकट वापरा. कापडाच्या कडांना जाड सुती पट्टी शिवायची आणि ती दोरीनं चौकटीला ताणायची. मागं मलमलीचा एक थर लावा, नाहीतर भरीव टाका कापड ओढून चुण्या पाडेल. काम झालं की फुलांबाहेरची मलमल कापून टाकायची.

अख्खा शेला भरू नका, तो खांद्यावर पुठ्ठ्यासारखा उभा राहील. दोन्ही टोकांना वीतभर दाट काम आणि मधे रिकामं. रिकामं म्हणजे खरंच रिकामं. बुट्ट्या टाकायचा मोह होईल, तो आवरा. संयोगभूमीच्या कामात फुलं घोळक्यानं राहतात, विखुरलेली बुट्टी आपली. धागा सहापदरी असेल तर दोनच पदर सुईत ओवा. एका पाकळीला चार छटा, टाके कडेकडून देठाकडे. गडद कापडावर आखायला शिंप्याची पांढरी पेन्सिल पुरते, पण ती हाताच्या घामानं पुसते, म्हणून एका वेळी एकच फूल आखा. तळहाताएवढ्या एका फुलाला मला सहा-सात तास लागतात. तुम्हाला सुरुवातीला दहा धरा. एका टोकाला पाच अशी दहा फुलं धरलीत तर लग्नाची तारीख बघून आजच हिशेब करा.

कापड ठरलं आणि तो फोटो आला की कळवा. देठांचा हिरवा कुठला घ्यायचा यावर मला वेगळं बोलायचंय, कारण आपल्या दुकानात मिळणारा पोपटी तिथं कुठंच दिसत नाही.